शावुओतच्या रात्रीचे अध्ययन: ठरलेला पाठ की मोकळी चर्चा?

अभ्यागत

सर्वांना नमस्कार. संशोधनाच्या कामानिमित्त सध्या माझा मुक्काम जेरुसलेममध्ये आहे. मी ज्यू नाही आणि हिब्रू मला अक्षरओळखीपलीकडे येत नाही. तरीही शेजारच्या कुटुंबाने त्यांच्या सिनेगॉगमध्ये (प्रार्थनास्थळात) शावुओत या ज्यू सणाच्या रात्री होणाऱ्या सामूहिक अध्ययनाचे, म्हणजे ज्याला इथे 'तिक्कून लैल शावुओत' म्हणतात त्याचे, अगत्याने आमंत्रण दिले आहे. यंदा, २०२६ साली, हा सण गुरुवारी २१ मे रोजी सूर्यास्ताला सुरू होतो. रात्रीचे जेवण आटोपून लोक जमतात, पहाटेपर्यंत धर्मग्रंथ वाचतात, त्यांवर बोलतात आणि सूर्योदयाची प्रार्थना करून घरी परततात, एवढे मला कळले आहे.

तयारी म्हणून मी मराठी बायबलमधले निर्गम, लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांतले संबंधित अध्याय वाचले. त्यांत गव्हाची कापणी, प्रथमफळे, ओवाळणीच्या दोन भाकरी आणि वल्हांडणापासून मोजायचे सात आठवडे आहेत. जागरणाचा मात्र कुठेही उल्लेख नाही. इतकेच काय, सीनाय पर्वतावर तोरा (मोशेचे नियमशास्त्र) मिळाली तो हाच दिवस, असेही तिथे स्पष्ट म्हटलेले नाही. मग ही प्रथा आली कुठून आणि कधी? दुसरे असे, की दोन परिचितांनी मला अगदी उलटसुलट माहिती दिली. एकाच्या मते या रात्रीसाठी एक ठरलेला ग्रंथ आहे आणि तो अथपासून इतिपर्यंत वाचणे हाच खरा विधी. दुसऱ्याच्या मते तो ग्रंथ आता फारसे कोणी उघडत नाही, व्याख्याने आणि चर्चा हेच मुख्य. यांत जुने काय आणि नवे काय? शिवाय परक्या माणसाने तिथे बसावे की नाही, आणि बसल्यास काय सांभाळावे, हेही जाणकारांनी सांगितले तर उपकार होतील.

बखरकार

आपले निरीक्षण अचूक आहे. तोरामध्ये हा सण शेतीचाच आहे. सीनायचा संबंध रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, काळात पक्का झाला, आणि तोही वादावादी होऊन: तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या संकलनातल्या 'शब्बाथ' या भागात, पान ८६ वर, तोरा सिवान महिन्याच्या सहा तारखेला मिळाली की सात, यावर मतभेद नोंदवलेला आहे. बहुसंख्य रब्बी सहा म्हणतात, रब्बी योसे सात म्हणतात. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केल्यावर प्रथमफळे वाहायला ठिकाणच उरले नाही, त्यामुळे सणाचा सगळा भार तोराच्या प्रदानावर आला, हे ओघानेच घडले असावे.

जागरण त्याहूनही कितीतरी उशिराचे आहे. तालमूदला ते माहीत नाही. ते ठळकपणे भेटते 'जोहार'मध्ये. हा कबालाचा, म्हणजे ज्यू गूढवादाचा, मुख्य ग्रंथ तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये प्रकाशात आला. परंपरा त्याचे कर्तृत्व दुसऱ्या शतकातल्या रब्बी शिमोन बार योखाय यांच्याकडे देते; आधुनिक अभ्यासक मोशे दे लिओन आणि त्यांच्या वर्तुळाकडे देतात. जोहार म्हणतो की पूर्वीचे भक्तजन या रात्री झोपत नसत. उद्या वधू बोहल्यावर चढायची आहे, तेव्हा आज रात्रभर तिच्या सख्यांनी तिला सजवायचे. तोरा, संदेष्ट्यांची पुस्तके, इतर पवित्र लेखन, त्यांवरची विवरणे आणि गूढार्थ हे तिचे दागिने. ही वधू म्हणजे शेखिना, ईश्वराचे जगातले सान्निध्य.

यापुढचा पुरावा मला स्वतःला सर्वांत रंजक वाटतो. १५३३ च्या सुमारास ऑटोमन साम्राज्यात योसेफ कारो आणि श्लोमो अल्काबेत्झ यांनी काही मित्रांसह ही रात्र जागून काढली. त्या रात्रीचे वर्णन करणारे अल्काबेत्झ यांचे पत्र पुढे यशाया होरोविट्झ यांच्या ग्रंथात छापले गेले, म्हणून ते आपल्याला वाचायला मिळते. उत्पत्तीच्या आरंभापासून निवडक उतारे, यहेज्केलाचे रथदर्शन, हबक्कूक, स्तोत्रे, गीतरत्न, रूथ असे सारे त्यांनी चालीवर, मोठ्याने म्हटले. मग मिश्ना, म्हणजे रब्बींच्या मौखिक नियमांचे संकलन, उघडली. आणि मिश्ना चालू असताना कारोंच्याच मुखातून एक निराळा आवाज बोलू लागला. अल्काबेत्झ सांगतात की सोबत्यांना शब्द स्पष्ट ऐकू येत होते, पण डोके वर करून पाहण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. त्या आवाजाने त्यांचे कौतुक केले, पण एक तक्रारही केली: तुम्ही दहा जण असता तर किती बरे झाले असते! सामूहिक प्रार्थनेला दहा जणांचा गण लागतो, आणि त्या रात्री तेवढे जमले नव्हते. इस्रायलबाहेर सण दोन दिवसांचा असल्याने त्यांनी दुसऱ्या रात्री गण भरवला आणि पुन्हा जागले. पवित्र भूमीत जाऊन राहा, असाही आदेश त्या आवाजाने दिला होता. थोड्याच वर्षांत कारो तिथल्या साफेद या गावी जाऊन राहिले. तिथल्या कबालावाद्यांमध्ये, आणि विशेषतः इसाक लुरिया (१५३४–१५७२) यांच्या शिष्यांमध्ये, या रात्रीला विधीचे रूप आले आणि तिथून ती ज्यूंच्या सर्व वसाहतींत पसरली.

यातली गंमत अशी, की हेच कारो 'शुल्हान आरुख' या सर्वमान्य धर्मसंहितेचे कर्ते. ती १५६५ साली व्हेनिसमध्ये छापली गेली, आणि शावुओतच्या नियमांत या जागरणाचा तिच्यात एक अक्षरही उल्लेख नाही. आपण जे भक्तिभावाने केले ते सगळ्यांवर बंधनकारक करायचे नाही, असा त्यांचा विचार असावा असे मला वाटते. संहितेवरच्या टीकेत ते येते ते सतराव्या शतकात, पोलंडमधल्या अव्राहाम गोम्बिनर यांच्या लेखणीतून, आणि त्यांनी दिलेले कारण अगदीच निराळे आहे. मिड्राशमध्ये, म्हणजे रब्बींच्या कथारूप विवरणांत, कथा आहे की सीनायला तोरा मिळायची त्या रात्री लोक गाढ झोपले. रात्र लहान, झोप गोड. एक पिसूसुद्धा चावली नाही. सकाळी ईश्वर हजर आणि लोक अंथरुणात, अशी पाळी आली आणि मोशेला सगळ्यांना उठवत फिरावे लागले. पूर्वजांच्या त्या झोपेची भरपाई म्हणून वंशजांनी जागायचे. वधूचा शृंगार आणि झोपेची भरपाई, ही दोन कारणे शेजारी ठेवून पाहिली की एकच प्रथा गूढवाद्याला आणि साध्या गृहस्थाला कशी वेगवेगळ्या वाटेने पटली, ते ध्यानात येते.

जाता जाता कॉफीबद्दल. एलियट होरोविट्झ या इतिहासकाराने १९८९ साली असा मुद्दा मांडला, की ज्यूंच्या रात्रीच्या विधींचा प्रसार आणि कॉफीचा प्रसार यांचा जवळचा संबंध आहे. सोळाव्या शतकात ऑटोमन प्रदेशांत कॉफी रुळली आणि साफेदची जागरणेही त्याच शतकातली. कॉफीमुळे भक्ती निर्माण झाली असे कोणी म्हणत नाही, पण पहाटे तीन वाजता भक्तीला तिचा आधार नक्कीच झाला असणार.

पाठवाचक

दुसऱ्या प्रश्नावर मी लिहितो, कारण ठरलेल्या क्रमाची बाजू हल्ली कोणी मांडतच नाही. आपल्या पहिल्या परिचिताने सांगितलेला ग्रंथ खरोखर आहे, आणि सेफार्दी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या) व पूर्वेकडच्या अनेक सिनेगॉगमध्ये तो आजही पूर्ण वाचला जातो. त्याची रचना अशी: बायबलच्या हिब्रू गणनेप्रमाणे २४ पुस्तकांतल्या प्रत्येकाची सुरुवातीची आणि शेवटची काही वचने, तोराच्या बाबतीत तर दर आठवड्याच्या प्रत्येक पाठाचा आरंभ आणि शेवट. सृष्टीची निर्मिती, समुद्र दुभंगण्याचा प्रसंग, दहा आज्ञा, असे काही भाग अधिक सविस्तर. त्यानंतर मिश्नाच्या ६३ प्रकरणांचे आरंभ आणि शेवट, जोहारमधले उतारे, आणि अनेक आवृत्त्यांत ६१३ आज्ञांची यादी. सर्व मजकूर भागांत विभागलेला असतो आणि प्रत्येक भाग संपला की कद्दीश ही स्तुतिप्रार्थना म्हणतात. म्हणून पुन्हा दहा जणांचा गण आवश्यक.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की नुसती टोके वाचून कोणाला काय कळणार? पण ही रात्र ज्ञान मिळवण्यासाठी आहे हे गृहीतकच मला मान्य नाही. संपूर्ण तोराला, तिच्या एकही भागाला न वगळता, एका रात्रीत स्पर्श करायचा, ही त्यामागची कल्पना आहे. जेरुसलेममध्ये जन्मलेले रब्बी हाइम योसेफ दाविद आझुलाई (१७२४–१८०६) स्वतः थोर विद्वान होते, त्यांना कोणत्याही विषयावर रात्रभर बोलता आले असते. तरीही या रात्री आपल्या आवडीचा विषय बाजूला ठेवून ठरलेला पाठच वाचावा, असा त्यांनी आग्रह धरला. त्याचा एक सामाजिक फायदाही आहे, तो व्याख्यानप्रेमींच्या लक्षात येत नाही. पाठात पंडित आणि दुकानदार एकाच ओळीवर असतात. ज्याला तालमूद समजत नाही तोही आपला वाटा मोठ्याने वाचतो. व्याख्यानात मात्र एक जण बोलतो आणि साठ जण पेंगतात.

आपल्याला हिब्रू येत नाही म्हणून पाठ कंटाळवाणा होईल असे समजू नका. अर्धा तास बसून ऐका. वाचनाला चाल असते, एकाचा आवाज थांबला की दुसरा उचलतो, आणि मध्यरात्रीनंतर ती गती फार निराळी होते.

शेजारी

मी जेरुसलेममध्येच राहतो, घरी मराठी बोलतो आणि आमच्या सिनेगॉगच्या या रात्रीच्या आखणीत माझाही थोडा हात असतो. त्यामुळे आपल्याला प्रत्यक्षात काय पाहायला मिळेल तेवढे सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. वल्हांडणापासून मोजलेले ४९ दिवस पूर्ण व्हावेत म्हणून या रात्रीची प्रार्थना आणि द्राक्षरसावरचा आशीर्वाद अंधार पडल्यावरच होतो. मे महिन्याच्या अखेरीस जेरुसलेममध्ये अंधार पडायला आठ वाजून जातात. मग जेवण, बहुतेक घरी दुधातुपाचे आणि चीजकेकने संपणारे. सिनेगॉगमध्ये माणसे जमेपर्यंत साडेदहा-अकरा होतात. सूर्योदय साडेपाचच्या सुमारास, आणि त्याच्या सव्वा-दीड तास आधी फटफटते. म्हणजे 'रात्रभर' हा शब्द ऐकून जेवढे दडपण येते, तेवढी ही रात्र लांब नसते. खरी परीक्षा दोन ते चारची.

आमच्याकडे मुख्य सभागृहात एकापाठोपाठ एक अशी तासाभराची प्रवचने असतात, बाजूच्या खोलीत वयस्कर मंडळी पाठवाचकांनी वर्णन केलेला क्रम वाचत बसतात, आणि मागच्या टेबलांवर जोड्या-जोड्यांनी अभ्यास चालतो. आपण या तिसऱ्या ठिकाणी बसावे अशी माझी शिफारस आहे, कारण ज्यूंच्या अध्ययनाचा खरा स्वभाव तिथे दिसतो. दोघांमध्ये एक ग्रंथ. एकाने ओळ वाचायची, अर्थ सांगायचा. दुसऱ्याने तो मोडून काढायचा प्रयत्न करायचा. शांतता नसतेच. एका टेबलावरचा आवाज दुसऱ्या टेबलाला त्रास देत नाही, हे नवख्या माणसाला पटायला वेळ लागतो.

एक उदाहरण देतो, कारण हा उतारा या रात्री हमखास कोणीतरी उघडतो. तालमूदचा 'शब्बाथ' हा भाग, पान ८८. लोक डोंगराच्या पायथ्याशी उभे राहिले या निर्गमातल्या वाक्यावर तालमूदमधले एक गुरू राव आवदिमी म्हणतात की ईश्वराने सीनाय पर्वत उचलून लोकांच्या डोक्यावर पिंपासारखा उपडा धरला आणि बजावले, 'तोरा स्वीकारलीत तर ठीक; नाहीतर इथेच तुमची थडगी होतील.' इथे वाचणारा थांबतो आणि समोरचा विचारतो, की मग तो करार कसला? डोक्यावर डोंगर धरून घेतलेली संमती कोणत्या न्यायालयात टिकेल? पुढची ओळ वाचली तर तालमूदमध्ये राव आखा बार याकोव नेमका हाच आक्षेप घेतात: तोरा न पाळणाऱ्याला ही तर मोठीच सबब मिळाली! त्यावर रावा उत्तर देतात की तसे असले तरी पुढे राजा अहश्वेरोशाच्या काळात लोकांनी ती स्वखुशीने पुन्हा स्वीकारली, आणि त्यासाठी एस्तेरच्या पुस्तकातले वचन पुढे करतात.

इथे वाद मिटला असे आपल्याला वाटेल. पण टेबलावर खरी सुरुवात इथूनच होते. सीनाय आणि एस्तेर यांच्या मधल्या शतकांत ज्यांना तोरा मोडल्याबद्दल शिक्षा झाल्या, त्यांचे काय? आणि निर्गमाच्या चोविसाव्या अध्यायात लोक आपणहून 'आम्ही करू' म्हणाले होते, मग डोंगर उचलण्याची गरजच काय होती? मध्ययुगीन टीकाकार म्हणतात की पर्वतावरचा तो प्रचंड अग्नी पाहून लोक शब्द फिरवतील अशी भीती होती. दुसरी परंपरा म्हणते की लिखित तोरा त्यांनी आनंदाने घेतली, सक्ती करावी लागली ती मौखिक तोरासाठी, म्हणजे तोंडी चालत आलेल्या विवरणासाठी, कारण ती कष्टाची. सतरा-अठरा वर्षांची मुले यावर तावातावाने भांडतात, आणि तोरा मिळाल्याच्या उत्सवाच्याच रात्री 'ती आपल्यावर लादली गेली का' हा प्रश्न उघडपणे विचारला जातो. कोणालाही त्यात वावगे वाटत नाही.

आता सांभाळायच्या गोष्टी. आपण नियमशील मंडळींत जात आहात असे धरून सांगतो. सणाच्या दिवशी लिहायचे नसते, तेव्हा वही, पेन, फोन, रेकॉर्डर घरीच ठेवा. आपण ज्यू नसलात तरी तिथे ते काढणे बरे दिसणार नाही. दिव्याच्या बटणाला हात लावू नका. दिवे आणि गरम पाण्याचे भांडे आधीच लावून ठेवलेले असते. ध्वनिवर्धक नसतो, म्हणून पुढे बसा. पुरुषांनी डोक्यावर टोपी घालावी. मध्येच उठून बाहेर फिरून यायला काहीच हरकत नाही, सगळेच तसे करतात.

जमल्यास साडेतीन-चारच्या सुमारास जुन्या शहराच्या दिशेने चालत निघा. वाहने चालवायची नसल्याने शहराच्या सगळ्या भागांतून लोक पायी पश्चिम भिंतीकडे जात असतात आणि सूर्योदयाची प्रार्थना तिथे होते. १९४८ ते १९६७ या काळात ज्यूंना तिथे जाता येत नव्हते. सहा दिवसांच्या युद्धानंतर १४ जून १९६७ रोजी, नेमकी शावुओतच्या दिवशी, ती जागा सर्वांसाठी खुली झाली आणि सुमारे दोन लाख लोक चालत गेले असे म्हणतात. आजची पायी जाण्याची लाट तेव्हापासूनची.

अभ्यागत

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका राहून गेली, आणि ती विचारताना थोडा संकोच वाटतो. परजातीयाने तोराचा अभ्यास करू नये असे तालमूदमध्येच म्हटले आहे, असे माझ्या वाचनात आले. तसे असेल तर यजमान मला केवळ भिडेपोटी बोलावत आहेत का? आणि बाजूला बसून ऐकणेही अनुचित ठरेल का?

बखरकार

ते वाक्य आहे, पण एकटे नाही. सन्हेद्रिन या भागात, पान ५९ वर, रब्बी योहानान यांचे ते कठोर मत येते. तोरा हा इस्राएलाचा वारसा आहे, म्हणून परक्याने त्यात शिरू नये, असा त्यांचा युक्तिवाद. त्याच्या लगोलग रब्बी मेईर यांचे मत येते: तोराचा अभ्यास करणारा परजातीय हा महायाजकाच्या तोलाचा आहे, कारण लेवीय पुस्तकात 'जो मनुष्य हे पाळील तो त्यांच्या योगे जिवंत राहील' असे म्हटले आहे, याजक किंवा इस्राएली असे म्हटलेले नाही. तालमूद दोन्ही मतांचा मेळ घालताना म्हणते की रब्बी मेईर यांचे बोलणे सर्व मानवांना लागू असलेल्या सात आज्ञांच्या अभ्यासापुरते आहे. पुढच्या काळात या मेळाचे अर्थ कोणी सैल लावले, कोणी घट्ट. त्यामुळे काही कडक मंडळींत आपल्याला तालमूद शिकवायला कोणी बसणार नाही हे खरे. पण ज्यांनी स्वतः बोलावले त्यांनी हा प्रश्न आपल्यापुरता सोडवलेला आहे असेच धरा. शिवाय या सणाला वाचायचे पुस्तक कोणाचे, तर रूथचे, म्हणजे एका मवाबी स्त्रीचे. ती परकी म्हणून आली आणि दावीद राजाची पणजी झाली.

शेजारी यांनी न लिहिलेली एक बारीक गोष्ट सांगतो. सणाच्या दिवशी जेवणासाठी स्वयंपाक करता येतो, पण तो ज्यांना सण लागू आहे त्यांच्यापुरता. म्हणून परजातीय पाहुण्याला सणाच्या जेवणाला बोलावण्याबाबत जुनी संहिता सावध आहे, न जाणो त्याच्यासाठी चुलीवर जादा भांडे चढवले जाईल. बहुतेक यजमान सगळे आदल्या दिवशी शिजवून हा प्रश्न टाळतात. तेव्हा 'अजून थोडे गरम करून द्या' असा आग्रह मात्र करू नका.

चिकित्सक

पाठवाचकांच्या प्रतिसादाचा आदर ठेवून काही वेगळे म्हणतो. ठरलेला पाठ म्हणजे मूळ आणि चर्चा म्हणजे आधुनिक सवलत, असे चित्र त्यांनी उभे केले आहे. इतिहास ते पुरते मान्य करत नाही. बखरकारांनी सांगितलेल्या १५३३ च्या पत्रातच पाहा: निवडक उताऱ्यांनंतर मिश्नाची प्रकरणे घेतली गेली आणि तो आवाज आला तो मिश्ना चालू असताना. लिथुआनियाच्या धाटणीच्या येशिवांमध्ये, म्हणजे धर्मपाठशाळांमध्ये, तर छापील क्रम बाजूला ठेवून प्रत्येक जण आपला चालू असलेला तालमूदचा भागच या रात्री पुढे नेतो. छापील संकलन उपयोगी पडले ते विशेषतः जिथे शिकवणारे विद्वान नव्हते अशा गावांत, आणि त्यासाठी मी त्याचे मोल मानतो. पण ज्याला प्रश्न विचारता येतो त्याने रात्रभर आरंभ आणि शेवट वाचत बसावे, हे मला सणाच्या आशयाशी विसंगत वाटते.

आणखी एक मुद्दा, जो आतापर्यंत कोणी काढला नाही. ही रात्र शतकानुशतके पुरुषांची होती. बायका सणाचा स्वयंपाक करून झोपत किंवा फार तर वरच्या सज्जातून ऐकत. गेल्या अर्धशतकात हे जेवढे बदलले तेवढे क्वचितच काही बदलले असेल. जेरुसलेममध्ये १९७२ साली सुरू झालेल्या पार्देस या अध्ययनसंस्थेत स्त्री-पुरुष एकत्र शिकतात, १९८८ साली सुरू झालेली मातान ही संस्था खास स्त्रियांच्या तोरा-अध्ययनासाठी आहे, आणि आज शहरातल्या या रात्रीच्या कार्यक्रमपत्रिकांत शिकवणाऱ्या स्त्रियांची नावे सहज दिसतात. धर्म न पाळणाऱ्या इस्रायली लोकांनीही ही रात्र आपलीशी केली आहे. तालमूदच्या अभ्यासक रूथ काल्देरोन यांनी १९८९ मध्ये सहकाऱ्यांसह जेरुसलेममध्ये एलूल आणि १९९६ मध्ये तेल अवीवमध्ये आल्मा ही अध्ययनकेंद्रे उभी केली, तेव्हा धार्मिक आणि निधर्मी लोकांनी एकाच टेबलावर एकच पान वाचावे हा त्यामागचा विचार होता. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या ज्यू कम्युनिटी सेंटरमध्ये तर रात्रभर अनेक खोल्यांत एकाच वेळी सत्रे चालतात, आणि विषय तालमूदपासून चित्रपट व नृत्यापर्यंत जातात.

पाठवाचक

स्त्रियांविषयीचा मुद्दा पूर्ण मान्य. आमच्याकडेही आता पाठाला त्या बसतात. येशिवांची गोष्टही खरी आहे. परंतु नृत्य आणि चित्रपटापर्यंत गेल्यावर त्याला तिक्कून का म्हणायचे, हे मला उमगत नाही. चांगला सांस्कृतिक महोत्सव वर्षातल्या कोणत्याही रात्री करता येतो. व्याख्यानांच्या जाहिरातीत ग्रंथाचे नाव बारीक अक्षरांत आणि वक्त्याचे ठळक असते, यातच सगळे आले. चिकित्सकांनी ज्या जोडीने बसून केलेल्या अभ्यासाचा पक्ष घेतला त्याला माझा विरोध नाही. माझा विरोध श्रोता होऊन बसण्याला आहे.

चिकित्सक

मग आपला मतभेद मी समजलो होतो त्याहून बराच लहान आहे. रांगेने बसून ऐकण्यापेक्षा तोंडाने वाचणे बरे, एवढे मीही मान्य करीन.

शेजारी

अभ्यागत यांच्यासाठी पहाटेविषयी थोडे, म्हणजे गोंधळ उडायला नको. उजाडल्यावर आपल्याला दिसेल की रात्रभर जागलेले वीस-पंचवीस जण एका ताजातवान्या माणसाभोवती गोळा झाले आहेत. तो घरी झोपून आलेला असतो आणि त्याची त्या क्षणी मोठी किंमत असते. सकाळचे काही आशीर्वाद झोपेतून उठल्याबद्दलचे आहेत. जो झोपलाच नाही त्याने ते म्हणावेत की नाही, याबद्दल मतभेद आहेत. तोराच्या अभ्यासाआधीच्या आशीर्वादाबाबतही तसेच: रात्रभर अभ्यास चालूच होता, मग कालचा आशीर्वाद अजून लागू आहे की नवा दिवस उजाडल्याने नवा हवा? सोपा तोडगा म्हणजे झोपलेल्या माणसाने म्हणावे आणि बाकीच्यांनी ऐकून 'आमेन' म्हणावे. त्यानंतरच्या प्रार्थनेत दहा आज्ञांचे वाचन होते आणि तेव्हा सगळे उभे राहतात. आपणही उभे राहा. पूर्वी एक जुनी समजूतदार सूचना दिली जात असे, तीही सांगून ठेवतो: जागल्यामुळे सकाळच्या प्रार्थनेत पेंगणार असाल, तर त्यापेक्षा रात्री झोपलेले बरे. प्रार्थना हे कर्तव्य आहे, जागरण ही प्रथा. म्हणून एक-दोन वाजता घरी गेलात तर यजमानांना मुळीच वाईट वाटणार नाही.

यंदा एक जास्तीची गोष्ट आहे. सण शुक्रवारी येतो आणि सूर्यास्ताला लगेच शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतिदिन, लागतो. शब्बाथचे जेवण शुक्रवारीच करावे लागते, आणि सणाच्या दिवशी दुसऱ्या दिवसासाठी रांधायचे तर आदल्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, भाकर आणि एक शिजवलेला पदार्थ बाजूला काढून ठेवण्याचा विधी करावा लागतो. तो केला की मोकळीक मिळते. याचा अर्थ, आपल्या यजमानीणबाई पहाटे सहाला परतून दोन-तीन तास झोपतील आणि पुन्हा चुलीपाशी उभ्या राहतील. शुक्रवारी दुपारी आभार मानायला जाण्याचा विचार असेल, तर तो रविवारपर्यंत पुढे ढकलावा.